मदत हवी आहे: नवीन पत्र्याचं छत पहिल्याच पावसात गळतंय

औसा_रोड
लातूरजवळ घराच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात कलरकोटेड पत्रे टाकले. २० बाय ३२ फूट, उतार एकाच बाजूला, पडती (दोन्ही टोकांच्या उंचीतला फरक) फक्त ९ इंच. उताराच्या दिशेने पत्र्याचे दोन तुकडे, एकमेकांवर ४ इंच चढवलेले. स्क्रू नालीत, म्हणजे पत्र्याच्या खोलगट भागात मारलेत. मृगाच्या पावसात मधल्या जोडाखाली ओळीने गळलं, स्क्रूपाशी थेंब आले, कठड्याची भिंत ओली झाली. पत्र्यावर तांबडे ठिपकेही दिसतायत. मिस्त्री म्हणतो, "पहिल्या पावसात थोडं गळतंच, एम-सील मारून देतो." चौथाई पैसे बाकी आहेत. त्याच्याकडून नेमकं काय करून घेऊ?

कैची_पर्लिन
एम-सील मारू देऊ नका. उन्हाळ्यात २० फुटी पत्रा दुपार ते रात्र अडीच-तीन मिलिमीटर हलतो. एम-सील दगडासारखं कडक, ते तडकणारच. शिवाय खालचा खरा दोष झाकला जातो आणि पुढचा मिस्त्री खरवडत बसतो.

मूळ दुखणं उताराचं आहे. २० फुटांत ९ इंच म्हणजे जेमतेम २ अंश. ५ अंशांना २१ इंच लागतात. एवढ्या चापट छतावर वाऱ्याने पाणी उलटं सरकतं आणि ४ इंचांच्या जोडातून आत येतं. कमी उताराला जोड निदान ८ इंच आणि मध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) हवी.

पक्का उपाय असा: वरच्या भिंतीकडे कैचीखाली १२ इंचांचे पाईपचे तुकडे बेसप्लेटसह उभे करायचे. अँकर बोल्ट काँक्रीटच्या पट्ट्यात घ्यायचे, नुसत्या विटेत नाही. उन्हाळी वादळात पत्रा दाबाने पडत नाही, उपसून जातो. आणि जोडच ठेवू नका, २१-२२ फुटी अखंड पत्रे मापाने कापून मिळतात. वळचणीला आणि वरच्या टोकाला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मध्ये एक सोडून एक. हे काम पावसाळ्यानंतर.

औसा_रोड
तोपर्यंत काय? आणि स्क्रू काढून उंचवट्यावर घेऊ का?

कैची_पर्लिन
हेच पत्रे राहणार असतील तर नका घेऊ. नालीत तेवढीच भोकं उरतील. ५.५ मिमीचे काढून त्याच भोकात ६.३ मिमीचे, ईपीडीएम (रबरी) वॉशरचे स्क्रू घाला. वॉशर टोपीच्या कडेला जरासा फुगलेला दिसला की थांबायचं. चिरडून बाहेर आला तर जास्त आवळलाय, वॉशर फिरत असेल तर सैल. तिरका गेलेला स्क्रू कितीही आवळा, गळतोच.

जुलैत पावसाची उघडीप मिळाली की मधल्या ओळीचे स्क्रू काढा, वरचा पत्रा हलका उचला, सुक्या फडक्याने पुसा, ब्युटाइल टेपच्या दोन रेषा टाका. स्क्रू त्या दोन रेषांच्या मधून गेले पाहिजेत. ओल्यावर टेप धरत नाही. हा एका पावसाळ्यापुरता जुगाड आहे, बिलात "दुरुस्ती पूर्ण" लिहून घेऊ देऊ नका.

गोदाकाठ
आधी पाणी मारून बघा, पण खालून वर. वळचणीपासून सुरुवात, प्रत्येक पट्ट्यावर १०-१५ मिनिटं नळी, आत एकाने खडू घेऊन उभं राहायचं. वरून सुरू केलंत तर पाणी कुठून आलं ते कळतच नाही. पहाटे पाऊस नसताना आतून थेंब पडत असतील तर ती गळती नाही, दवाचं पाणी.

कठडा: फ्लॅशिंग पत्रा (भिंत आणि छताचा सांधा झाकणारी पट्टी) सिमेंटने चिकटवलाय का बघा. तसा असेल तर पत्रा हलला की सिमेंट सुटतं, ओल्या सिमेंटने पत्र्याचा थरही खराब होतो. भिंतीत इंचभर खाच मारून कड आत घालायची, पत्र्यावर ६ इंच तरी आडवी यायला हवी. सीलंट न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच. व्हिनेगरसारखा वास येणारं झिंक खातं.

तांबडे ठिपके ओल्या फडक्याने निघाले तर ड्रिलचा किस होता, वेळेत झाडला नाही. खड्डा पडला असेल तर ग्राइंडरने पत्रे कापताना ठिणग्यांनी रंग जाळलाय. तिथे झिंक प्रायमर आणि रंग. नवे पत्रे कापायला कात्री किंवा निबलरच (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरायला लावा.

कागदपत्री
बाकी पैसे आत्ता देऊ नका, पण फोनवर भांडूही नका. तारखेसह फोटो, आत गळतानाचा व्हिडिओ, उतार मोजतानाचा टेप दिसेल असा फोटो काढा. मग दोषांची यादी आणि १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, व्हॉट्सॲपवरही टाका. दाद मिळाली नाही तर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुमच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दुसऱ्या मिस्त्रीकडून काम करून घ्यायचं असेल, तर त्याने हात लावायच्या आधी त्याचा लेखी अंदाज घ्या; भरपाईचा आकडा त्यावरूनच मांडता येतो.