ए मायनर/जी : करंगळी पोचत नाही आणि पाचवी तार गुरगुरते

पेटीवाली मिरज

नमस्कार मंडळी. माझा पाया पेटीचा, भजनी मंडळात साथ करते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची गिटार कपाटाशेजारी धूळ खात होती, ती काढली. सी, जी, ए मायनर, डी मायनर, ई मायनर हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बसले. एफ अजून कण्हतो, पण त्याचं रडगाणं इथे आधीच बऱ्याच जणांनी गायलंय, म्हणून राहू दे.

अडलंय ते ए मायनर/जी वर, म्हणजे ए मायनर आणि त्याच्या खाली जी चा सूर. पेटीवर यात काहीच नाही. पांढरी सहा, वरची एक आणि तीन धरायची, खाली अंगठ्याने पांढरी पाच दाबायची, झालं. गिटारच्या पुस्तकात मात्र जाड तारेपासून ३ × २ २ १ ० असं दिलंय (आकडा म्हणजे मानेवरचा फ्रेट, म्हणजे पट्ट्यांमधला कप्पा, शून्य म्हणजे मोकळी तार, फुली म्हणजे ती तार वाजवायची नाही; सहावी सगळ्यात जाड, पहिली सगळ्यात बारीक). करंगळी ताणून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला नेली की मधलं बोट आणि अनामिका आडवी पडतात, तिसरी तार नुसती ठक्क करते, आणि जिच्यावर फुली मारलीय ती पाचवी मात्र मजेत गुरगुरत राहते. तिला गप्प कसं करायचं? आणि मुळात तो खालचा जी हवाच का? नुसता ए मायनर वाजवला तर कुणाला कळणार आहे?

सतारमेकर गल्ली घरापासून जवळ आहे. तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) लावून देणारे हात तिथे सापडतात, पण गिटारच्या कॉर्डचं विचारायला इथेच यावं लागतं.

खर्जातला

ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. सोबत बासवाला असेल तर जी त्याच्यावर सोडा आणि खुशाल साधा ए मायनर वाजवा. दोघांनीही खाली गर्दी केली की साउंडवाला आधी गिटारचाच आवाज कमी करतो. एकट्याच वाजवणार असाल तर पुढच्यांचं ऐका.

कॉयरवाला वसई

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो कळला की बोटं आपोआप ऐकायला लागतात.

पांढरी सहाला सा धरा. बहुतेक वेळा हा कॉर्ड एकटा येत नाही. ए मायनर, ए मायनर/जी, ए मायनर/एफ शार्प, मग एफ, अशी माळ असते. खालचा सूर सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असा पायऱ्या उतरतो आणि वर सा, कोमल ग, प जागचे हलत नाहीत. एफच्या वेळीसुद्धा पहिली तार मोकळी ठेवलीत तर वरचा प टिकतो (तो एफ मेजर सेव्हन होतो, आणि तुमचा कण्हणारा एफही वाचतो). त्यानंतर प वर, म्हणजे ई मेजरवर उतरायचं. आता यातली कोमल नी गाळून दोन्ही मात्रांना नुसता ए मायनर वाजवा. गाणं बिघडत नाही, पण ते उतरणं दिसत नाही. आमच्याकडे चर्चमध्ये मिस्साच्या वेळी कम्युनियनचं (प्रसाद घेतानाचं) गाणं संथ असतं, कॉयरमध्ये बास गिटार नाही, तिथे हा एक सूर गाळला की आल्टोवाल्या (खालच्या सुरात गाणाऱ्या) बायका लगेच मागे वळून बघतात.

आता बोटं. पुस्तकातली करंगळी सोडून द्या. ए मायनर धरा: तर्जनी दुसऱ्या तारेवर, मधलं चौथ्या तारेवर, अनामिका तिसऱ्या तारेवर. तर्जनी आणि मधलं बोट आहे तिथेच राहू द्या. फक्त अनामिका उचला आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. तिसरी तार मोकळी सुटली, ती जी च आहे, म्हणजे घरचाच सूर. झालं ३ ० २ ० १ ०. एक बोट हललं, बाकी हात तसाच.

आणि इथे पाचव्या तारेला गप्प करायचं नाही! या आकारात ए फक्त तिच्याकडे उरतो, कारण तिसऱ्या तारेवरचा ए आपण सोडून दिला. अनामिका आडवी पडून पाचवी दबली तर उरतात जी, ई, सी, म्हणजे तो चक्क सी मेजर होतो आणि गाण्याचा चेहरा बदलतो. पुस्तकातल्या ३ × २ २ १ ० मध्ये पाचवी गप्प करायला सांगतात ते वेगळ्या कारणाने: खालचे जी आणि ए अगदी शेजारी, एकदम वाजले की गढूळ होतं. तेव्हा छेडताना सहावी एकटी वाजवा, पाचवी तिच्या मागून हळूच, मग वरच्या चार. पेटीवर आपण स्वर एकामागून एक सोडतो तसंच. प्लेक्ट्रमने (तारा छेडायच्या चिपटीने) एकदम खरडायची घाई नको.

एफ शार्पला मात्र अनामिका परत तिसऱ्या तारेवर न नेता सगळाच हात बदला: मधलं सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका चौथ्या तारेवर, करंगळी तिसऱ्या तारेवर, तर्जनी जागेवर. तिसरी तार इथे मोकळी सोडलीत तर जी आणि एफ शार्प एकमेकांना चावतात.

जाड बोटं

वरची पद्धत चांगली आहे, पण मला तो मोकळा जी वर नको असतो. मी अंगठा मानेवरून आणून सहावी दाबतो आणि खाली ए मायनर अख्खा ठेवतो. अंगठ्याचं पेर आपोआप पाचव्या तारेला टेकतं, गुरगुर बंद. अट एकच, गिटार कुठली ते बघा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकची मान नटजवळ (मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिथे) साधारण ४३ मिमी रुंद असते, तिथे जमतं. नायलॉनच्या क्लासिकलची ५२ च्या आसपास, तिथे अंगठा वळवायला जाऊ नका, मनगट धरेल.

कॉयरवाला वसई

अंगठ्याबद्दल मतभेद आहेत, नोंदवून ठेवतो. शिकताना अंगठा वर आला की पंजा आवळतो आणि पुढे बॅरे कॉर्डला (एका बोटाने बऱ्याच तारा एकदम दाबायच्या असतात त्याला) त्रास होतो. पण दादा वाजवतात ते खरंच कानाला छान लागतं.

पेटीवाली मिरज

कोमल नी म्हटल्याबरोबर डोक्यात बसलं! एक बोट हलवून बघितलं, निघालं. पाचवी दबून सी मेजर होतो हेही ऐकून घेतलं, मुद्दाम दाबून. मुलाची स्टीलचीच आहे, पण अंगठा माझ्याच्याने वळेल असं वाटत नाही. असंच डी मायनर/सी ला करता येईल का?

खर्जातला

येईल. डी मायनरमध्ये दुसऱ्या तारेवर अनामिकेऐवजी करंगळी ठेवायची सवय लावा. मग अनामिका मोकळी, ती पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, तिथे सी आहे. × ३ ० २ ३ १. सहावी छेडू नका, तिथला ई या कॉर्डमध्ये कुणाचाच नाही.