ॲब्लेशननंतरचा इको आणि बाबांची गोळी

क-४०३ : सर्वांना नमस्कार. माझ्या बाबांचे (वय ७२) आठ महिन्यांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार) ॲब्लेशन (ठोके बिघडवणारे संदेश रोखण्यासाठी हृदयातील ऊतीचा भाग निकामी करणे) झाले. त्यानंतर त्यांना एकदाही धडधड जाणवलेली नाही. त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी आता बंद करावी असा त्यांचा आग्रह आहे, आणि डॉक्टरांनी पुन्हा सांगितलेला इको (हृदयाची सोनोग्राफी) व सात दिवसांचा होल्टर (अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारे यंत्र) त्यांना अनावश्यक वाटतो. अ-१०४ मधील डॉक्टरताईंनी कृपया मार्गदर्शन करावे.

अ-१०४ : काकांना बरे वाटते आहे हे वाचून फार आनंद झाला. गोळी मात्र आपल्या मनाने एक दिवसही थांबवू नका. ॲब्लेशननंतर ठोके पुन्हा अनियमित झाले तर ते जाणवतीलच असे नसते. उलट, न जाणवणाऱ्या अनियमिततेचा वाटा उपचारानंतर वाढलेला आढळतो. होल्टर त्यासाठीच आहे.

इकोचे कारण निराळे आहे. अनियमित ठोक्यांची ठिणगी बहुधा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात) येणाऱ्या शिरांमध्ये पडते, हे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी दाखवले आणि ॲब्लेशनमध्ये त्या शिरांचा विद्युतसंबंध तोडला जातो. परंतु रक्तदाबामुळे वर्षानुवर्षे ताणलेली अलिंदाची भिंत लगेच पूर्ववत होत नाही. अलिंदाचे आकारमान शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ३४ मिलीलीटरच्या आत असावे. ॲब्लेशननंतर ते कमी होत गेले तर ते चांगले लक्षण असते.

ब-६०१ : माझे पहिले ॲब्लेशन दीड वर्ष टिकले, नंतर दुसरे करावे लागले. एमआरआयमध्ये अलिंदाच्या भिंतीत बरेच व्रण आहेत असे मला आधीच सांगितले होते. ताई, व्रण दिसत होते तर तेच का जाळले नाहीत, हा प्रश्न अजून मनात आहे.

अ-१०४ : काका, आपला प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तो मोठ्या अभ्यासांत तपासला गेला आहे. २०१४ च्या डिकाफ नावाच्या अभ्यासात भिंतीचा १० टक्क्यांहून कमी भाग तंतुमय (म्हणजे व्रण असलेला) असलेल्या रुग्णांपैकी सुमारे १५ टक्क्यांना वर्षभराच्या आत त्रास परत झाला, तर ३० टक्क्यांहून अधिक व्रण असलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ५१ टक्के होते. म्हणून व्रणांवरही ॲब्लेशन करून पाहिले गेले. पण २०२२ च्या दुसऱ्या डिकाफ अभ्यासात, सतत टिकून राहणाऱ्या फिब्रिलेशनच्या रुग्णांमध्ये, त्याचा लक्षणीय फायदा आढळला नाही. एमआरआयवरून पुढे काय होऊ शकेल याचा अंदाज येतो, तेवढ्यावरून कोठे जाळावे हे ठरत नाही. त्यामुळे आपल्या डॉक्टरांनी काही टाळले असे मला वाटत नाही.

क-४०३ : ताई, २०२५ मध्ये कोरियात गोळी बंद करण्याविषयी अभ्यास झाल्याचे बाबांनी वाचले आहे.

अ-१०४ : होय, आणि तो महत्त्वाचा आहे. पण त्यात ॲब्लेशननंतर किमान एक वर्ष तपासण्यांमध्ये एकदाही अनियमितता न आढळलेले रुग्णच घेतले होते, आणि काकांना आठच महिने झाले आहेत. काकांना पूर्वी कधी पक्षाघात किंवा मेंदूचा तात्पुरता झटका येऊन गेला आहे का? तसे असेल तर गोळी चालू ठेवण्याकडेच डॉक्टरांचा कल राहील. ठोके नीट पडत असले, तरी गुठळीचा धोका काकांचे वय, रक्तदाब आणि मधुमेह यांवरही अवलंबून असतो, हे त्यांना प्रेमाने समजावून सांगा. रक्तदाब, वजन आणि झोपेतील घोरणे यांकडेही लक्ष द्या. वजन घटवून ते टिकवणाऱ्यांमध्ये त्रास परत येण्याचे प्रमाण बरेच कमी असते.

क-४०३ : झटका कधी आलेला नाही, रक्तदाब मात्र वीस वर्षांपासून आहे. ॲब्लेशनपूर्वीच्या इकोच्या अहवालात अलिंदाचा व्यास ४६ मिलीमीटर एवढेच लिहिले आहे, आकारमान दिलेले नाही.

अ-१०४ : मग गुरुवारी इकोसाठी जाताना तो जुना अहवाल सोबत न्या आणि या वेळी व्यास व आकारमान दोन्ही नोंदवण्याची विनंती करा, म्हणजे आधीच्या मापाशी तुलना होईल आणि पुढच्या वर्षीसाठीही आधार राहील. अहवाल आला की मला दाखवा, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.