मदत हवी आहे: एकाच प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये नेटवर्क कार्ड दिसत नाही

मालवणातल्या ऑफिसात दोन सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या दोन जागांचा) जुना रॅक सर्व्हर नव्याने लावलाय, प्रोसेसर एकच. त्यावर डेबियन १२ (लिनक्स). बोर्डावरचे दोन्ही पोर्ट चालतात, पण इंटेल आय३५० चं चार पोर्टचं नेटवर्क कार्ड एलएसपीसीआयमध्येच (सिस्टीमला सापडलेल्या पीसीआय कार्डांची यादी देणारी कमांड) येत नाही. म्हणजे ड्रायव्हरपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

कार्ड दुसऱ्या पीसीत व्यवस्थित चालतं. इथल्या खाऱ्या हवेत कॉन्टॅक्ट हिरवे पडतात, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा घट्ट बसवलं. बायोसमध्ये स्लॉट चालू आहे. डीएमआयडीकोड (बायोसमधली हार्डवेअरची माहिती दाखवणारी कमांड) मात्र तो स्लॉट रिकामाच दाखवतं.

संशय असा की हे कार्ड ज्या रायझरवर (स्लॉट असलेला जोड-बोर्ड) आहे, त्याच्या लेन (प्रोसेसरपर्यंत डेटा नेणाऱ्या वाटा) दुसऱ्या, रिकाम्या सॉकेटला जोडलेल्या असाव्यात. पहिल्या रायझरवर रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड आहे, ते हलवायचं तर सर्व्हर बंद करावा लागेल. ते फक्त रविवारी जमेल. बोर्डाचं मॅन्युअल मिळत नाही.

कोणता स्लॉट कोणत्या सॉकेटचा, हे चालू सिस्टीमवरूनच खात्रीने कसं ओळखायचं?