महिन्यात १२ किलो? त्या पोस्टले उत्तर देणंच भाग हाये

पराटीतला_माणूस
आठ दिवसांपूर्वी इथं एका भावानं लिहिलं: "३० दिवसांत १२ किलो उतरवले, हाताचे दंडही भरले. जिम नाही, पावडर नाही. ज्याचं होत नाही तो आळशी." खाली फोटो आणि वाहवाचा पाऊस. मी गप्पच बसणार होतो. पण माझ्या साळ्यानं ती पोस्ट मनावर घेतली. जेवण सोडलं आणि पहिल्याच दिवशी ३०० बैठका मारल्या. तिसऱ्या दिवशी त्याला ओसरीची पायरी उतरता येईना, लघवी काळ्या चहासारखी. दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, एकदम इतका ताण दिला की स्नायू फुटतात आणि तो मळ किडनीवर जातो. म्हणून आता सविस्तर लिहितो.

हिशेब करा. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. १२ किलोच्या झाल्या ९२,४००. तीस दिवसांनी भागा, रोजच्या तीन हजारावर तूट येते. आपला मध्यम अंगाचा माणूस दिवसाला खर्चच करतो बावीसशे-पंचवीसशे. म्हणजे महिनाभर निर्जळी एकादशी धरली तरी हिशेब जुळत नाही. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो, हे खरं. पण ते बहुतेक पाणी. भाकर-भात कमी केला की अंगातला साखरेचा साठा सरतो आणि त्याला धरून असलेलं पाणीही जातं. पंगतीत एक दिवस बसा, परत येतं.

माझं सांगतो. मागच्या पोळ्याला ९१, या पोळ्याला ८२. वर्षात ९ किलो. आठवड्याला अर्धा किलो म्हणतात, त्या हिशेबानं २६ व्हायला पाहिजे होते. नाही झाले. दिवाळीत दोन चढले, लग्नसराईत तीन. मारायचे जोर चारवरून पंचवीसवर गेले. पहिले दीड महिने जोरांचा आकडा वाढला, पण हाताच्या दंडाला टेप लावला की तेवढाच. आधी नसा शिकतात, मांस मागून येतं. आळशी म्हणणाऱ्याला एवढंच सांगणं.

तर्रीवाला_अकोट
एवढं पुराण कायले? शेतातल्या माणसाले व्यायाम लागतच नाही. माहा आबा सत्तरीत डवरण करे. पोट कधी सुटलं नाही.

पराटीतला_माणूस
आबा बैलामागं दिवसभर चालत होते. तू ट्रॅक्टरवर बसून राह्यला आणि फवाराही बॅटरीच्या पंपानं मारते. आबाचं पोट तुले कसं मिळन बाप्पा?

तर्रीवाला_अकोट
बॅटरीचा पंप पाठीवर घेऊन पाह्य मंग बोल.

दोन_लेकरांची_माय
शेतातलं काम म्हणजे व्यायाम, हे मला कोणी शिकवू नका. माझी आई चाळीस वर्षं कापूस वेचते. कामानं ताकद वाढत असती तर ती आज पहिलवान असती. तिची कंबर गेली, गुडघे गेले. रोज तेच वाकणं, तेवढंच ओझं. त्यानं शरीर झिजतं. ताकद वाढवायची तर ओझं हळूहळू वाढवावं लागतं आणि मधात विसावा लागतो. वेचणीत विसावा कोण देते?

आणि ताटाचं बोला ना. वरण झालं की घट्ट भाग पुरुषांच्या ताटात जातो. आम्ही शेवटी बसतो तेव्हा गंजात पिवळं पाणी उरलेलं असतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं पोट उतरेना. सासूबाई म्हणायच्या, भात बंद कर. बंद केला, चक्कर आली. मग रोज दोन अंडी सुरू केली, चोरून, कारण घर माळकरी. आणि पाण्याची २० लिटरची कॅन. आधी नवऱ्याला हाक मारावी लागायची, सहा महिन्यांत एकटी उचलून ओट्यावर ठेवायला लागले. वजन किती उतरलं? साडेतीन किलो. पण साडीचं परकर दोन बोटं आत बांधते आता. माझ्यासाठी तोच काटा.

मास्तर_कारंजा
ताईंनी दुखरी नस पकडली. माणसाला किलोमागं पाऊण ते एक ग्रॅम प्रथिन रोज लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला २२ असतं, पण आपल्या वाटीत डाळ असते किती? मूठभर डाळ आणि गंजभर पाणी. सोयाबीनच्या वडीत शंभरला ५० च्या वर. विदर्भात घरोघरी सोयाबीन पिकतं आणि एकाच्याही ताटात नाही.

ढेपवाला
मास्तर, ताटात कुठून येईन? पिकवतो आम्ही, तेल काढते मिलवाला, पेंडीची वडी करते कंपनी अन् आम्ही तेच किराण्यातून विकत आणतो. २०२४ ले सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलले ४८९२. मी देलं ४१०० नं. ओलावा हाये म्हणे. सरकारी खरेदीत १२ टक्क्याच्या वर घेत नव्हते. नंतर १५ करून देला, तोवर आमचा माल इकून झाला होता.

तर्रीवाला_अकोट
अन् सोयाबीन खाल्लं की माणसाची छाती बाईसारखी होते. आमच्या तालमीतले सांगत.

मास्तर_कारंजा
हे खोटं आहे. माणसांवर तपासण्या झाल्या आहेत. नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर पुरुषाचं संप्रेरक घटत नाही. मात्र कच्चे दाणे खाऊ नका, चांगले शिजवा, नाहीतर पोट फुगतं आणि त्यातलं प्रथिन अंगी लागत नाही.

ढेपवाला
पोट फुगू द्या, भावाचं बोला. २०२५ ले हमीभाव ५३२८ जाहीर केला होता. कोणाले भेटला? हात वर करा.

वाशीमकर_८८
मला भेटला. नोंदणी केली होती.

ढेपवाला
तुझा मामा सोसायटीत असन.

वाशीमकर_८८
मामावर जाऊ नको. तीन दिवस ट्रॉली घेऊन रांगेत झोपलो, तवा तू घरी पंख्याखाली होता.

ढेपवाला
पंखा? लाइन तं राती बारानंतर येते. तुले गाव तरी मालूम हाये का बे?

दोन_लेकरांची_माय
मी ताटाचं बोलले आणि तुम्ही बाजार समितीत पोहोचले. घट्ट वरणावर एकानंही उत्तर दिलं नाही, हे लक्षात ठेवते.

भरतीचा_पोरगा
दादाहो, भांडण नंतर करा. माझी पोलीस भरती आहे. ८४ किलो आहे, १६०० मीटरमध्ये दम लागतो. दोन महिन्यांत १२ किलो कमी करायचे आहेत. हो म्हणा ना कोणीतरी.

पराटीतला_माणूस
चार-पाच म्हण, सहा झाले तर पेढे वाट. उपाशी राहून उतरवशील तर पाय लुळे पडतील आणि भरतीत फेकायचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा असतो, तो हवेनं जात नाही. आठवड्यातून तीन दिवस पळ, दोन दिवस बैठका आणि गोळा. भाकर दोन खा, पण सोबत उसळ घट्ट घे. आणि पहिल्या दिवशी ३०० बैठका नको, साळ्याचं वाचलंच असशील.

जुना_आखाडा
आजकाल सगळ्यायले महिन्यात पाहिजे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तिथले गडी १९३६ ले बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये आपले खेळ दाखवून आले. ते का तीस दिवसांच्या चॅलेंजवर गेले होते? आमच्या उस्तादानं पहिले तीन महिने मले नुसती माती उकरायले लावली होती.

तर्रीवाला_अकोट
काका, माती उकरणं म्हंजे शेतातलंच काम झालं. मी तेच म्हणून राह्यलो सकाळपासून.

जुना_आखाडा
उकरणं रोज वाढवत नेलं होतं उस्तादानं. ताईनं तेच लेहलं वर. वाचत जाय.

तर्रीवाला_अकोट
बरं, ताईचं अर्धं मान्य. अर्धंच.

तीसदिवसवाला
मी तोच पोस्टवाला. दोन दिवसांपासून शिव्या खाऊन राह्यलो. साळ्याचं वाचून वाईट वाटलं, "आळशी" शब्द काढून टाकतो. पण १२ किलो खोटे नाहीत. काट्यावर दिसले ते लिहिले.

पराटीतला_माणूस
कोणत्या काट्यावर?

तीसदिवसवाला
पहिलं वजन दवाखान्यात केलं. शेवटचं आमच्या गावात खेडा खरेदीवाला येते, त्याच्या कापसाच्या काट्यावर.

ढेपवाला
😂 लेका! त्याच काट्यावर माहा क्विंटलभर कापूस ९२ भरला होता. तू माणूस असून सुटशीन का?

मास्तर_कारंजा
तुमच्या पहिल्या वजनाला आठ टक्के लावून पाहा. सात-आठ किलो काट्यानंच खाल्ले. खरे चारेक उतरले असतील. महिन्याला चार म्हणजे वाईट नाही, आठवड्याला एक पडतो.

तीसदिवसवाला
आत्ता लक्षात आलं. पॅन्ट तर तेवढीच सैल झाली होती जेवढी चार किलोत होते. उद्या रेशन दुकानात जाऊन पुन्हा मोजतो.

दोन_लेकरांची_माय
तिथं चढू नका भाऊ. तो काटा उलटा आहे, आमचे २० किलो तांदूळ घरी १८ भरतात. तुमचे बाराही किलो परत येतील.