शब्दचर्चा : 'हम' म्हणजे गुणगुणणे की हुंकार?

पाटीपेन्सिल :
विद्यापीठांची संशोधन-नेटवर्कं आणि इंटरनेटचे प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम) लिहिणारी मंडळी एकत्र कशी काम करतात, यावरचा एक लेख मराठीत आणतेय. तीन ठिकाणी गाडी अडली आहे : 'रिक्वेस्ट फॉर कमेंट्स' (म्हणजे आरएफसी, या मंडळींची क्रमांक दिलेली टिपणं), 'रफ कन्सेन्सस' आणि इंग्रजी 'हम'. शेवटच्याचं मी 'गुणगुणणे' केलं होतं. वाचून नवरा म्हणाला, "एवढे इंजिनिअर सभेत गाणी म्हणतात?"

ताकपोळा :
नवऱ्याचं बरोबर आहे :) गुणगुणायला चाल लागते. आयईटीएफच्या, म्हणजे हे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या संघटनेच्या, बैठकीत अध्यक्ष विचारतात, हा मार्ग पटतो का? ज्यांना पटतो ते तोंड मिटून 'हूंऽऽ' करतात. मग उलटा प्रश्न, पुन्हा हूं. आवाज कानाने जोखायचा, हात मोजायचे नाहीत. कोण कुठल्या बाजूला ते फारसं कळत नाही, हाही फायदा. आपल्याकडे शब्द आयता आहे : हुंकार. आजी गोष्ट सांगताना "हूं म्हण, नाहीतर थांबते" म्हणायची, तोच.

बाराखडी :
पण पेपरवाल्यांनी 'हुंकार सभा', 'हुंकार मोर्चा' करून त्याची डरकाळी केली त्याचं काय? वाचकाला वाटेल इंजिनिअर गरजतायत. 'हुंकाराने कौल घेतात' म्हणा, संदर्भ आपोआप लागेल.

ताकपोळा :
'हुंकार' ठेवा, 'कौल' काढा. कौल लागला की विषय संपला, मग तो देवाचा असो की मतदारांचा. इथे हुंकारानंतर खरी चर्चा सुरू होते. २०१४ च्या आरएफसी ७२८२ मध्ये हेच समजावलंय : १०० जण बाजूने आणि ५ विरोधात असले तरी सहमती झाली असं नाही. त्या ५ जणांच्या तांत्रिक हरकतीला उत्तर मिळालं का, ते बघायचं. उलट ५ बाजूने आणि १०० विरोधात असूनही सहमती असू शकते. म्हणून 'हुंकारावरून अंदाज घेतात'.

पाटीपेन्सिल :
म्हणजे 'बहुमत' तर बादच. 'ढोबळ एकमत' चालेल?

बाराखडी :
नाही हो. एकमत असतं किंवा नसतं, ते ढोबळ कसं असेल? 'ढोबळ सहमती' करा. एमआयटीच्या डेव्हिड क्लार्क यांचं १९९२ मधलं वाक्य त्यात नीट बसतं : आम्ही राजे, राष्ट्राध्यक्ष आणि मतदान नाकारतो, आमचा विश्वास ढोबळ सहमतीवर आणि चालत्या कोडवर ('रनिंग कोड', म्हणजे प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम).

दौतटाक :
आरएफसीला 'हरकती व सूचना' सुचवणार होतो, महापालिकेच्या आराखड्यासारखं. पण तिथे वरून खाली मागवतात. इथे उलट. ७ एप्रिल १९६९ चा पहिला आरएफसी यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठातल्या स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने लिहिला, तोही रात्री बाथरूममध्ये बसून, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून. आपण कोण नियम सांगणारे, असं वाटून नावही नम्र ठेवलं. आपल्या फायलींवरचं 'अभिप्रायार्थ सादर' त्या सुराच्या जवळ जातं. तरी लेखात 'आरएफसी'च ठेवा आणि एकदा 'अभिप्रायार्थ टिपण' असा खुलासा करा.

आणि प्रत्येक आरएफसीला 'मानक' (स्टँडर्ड) म्हणू नका. दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर आपल्याच कॉलेजच्या पासवर्डने वायफाय देणारं एड्युरोम घ्या. ते युरोपातल्या संशोधन-नेटवर्कांनी आधी उभारलं, वापरलं, आणि २०१५ मध्ये त्याची रचना आरएफसी ७५९३ म्हणून नोंदवली. पण ती माहितीपर आहे, मानक नव्हे. (मला 'मानक'पेक्षा 'प्रमाण' आवडतं, पण 'प्रमाणाबाहेर' आडवं येतं.)

पाटीपेन्सिल :
आपल्याकडचं उदाहरण आहे का?

दौतटाक :
अर्नेट, आपलं शिक्षण-संशोधन नेटवर्क. १९८६ साली सुरू, मुंबईचं एनसीएसटी (सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र) आणि पवईचं आयआयटी पहिल्या आठ संस्थांत. सुरुवातीला टीसीपी/आयपी (आजचं इंटरनेट ज्यावर चालतं ते प्रोटोकॉल) आणि त्यांचा प्रतिस्पर्धी संच ओएसआय, दोन्ही ठेवले होते. ओएसआयच्या पाठीशी आंतरराष्ट्रीय मानकसंस्था होती, पण १९९५ नंतर जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर. चालत्या कोडचा अर्थ यातून पटकन कळतो.

पाटीपेन्सिल :
लिहिलं : "बैठकीत हुंकारावरून अंदाज घेतात, हरकतींना उत्तरं देतात आणि ढोबळ सहमती झाली की पुढे सरकतात." 'रनिंग कोड'ला 'चालू कोड' केलं, लहान वाटतं.

बाराखडी :
अहो, 'चालू' नको! शेजारचा बंड्याही चालूच आहे. 'चालता' लिहा.