पाइप नाही, उतार शोधा

नागपुरात अंबाझरी तलावापासून नाग नदीच्या काठाने जुन्या जलवाहिनीचा माग काढत चालता येईल का, असं एकाने विचारलंय. येतं, पण सलग पायवाट नाही. मध्ये घरं, भिंती आणि रस्ते लागतात, तेव्हा काठ सोडून परत यावं लागतं.

माझं म्हणणं, नळ शोधत बसू नका, जमिनीचा उतार बघा. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून निघून पश्चिमेकडून पूर्वेला वाहते. १८७०च्या सुमाराचा अंबाझरी तलाव शहराच्या वरच्या अंगाला आहे. म्हणून मातीच्या नळांतून त्याचं पाणी वस्तीकडे आपोआप उतरायचं. पंप नाही, वीज नाही! तलावाच्या पाळीवर पहाटे उभं राहून सीताबर्डीच्या दिशेने नजर टाकली, की हे सगळं न सांगता कळतं. मला तरी तिथेच कळलं. पुढे धरमपेठ, सीताबर्डी करत गांधीसागरपर्यंत या. जुनी माणसं त्याला अजून जुम्मा तलाव म्हणतात.

अशा खापरी, म्हणजे मातीच्या नळांची करामत जवळून बघायची असेल तर छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघा. खाम नदीकाठी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आजही तिथे येतं.

डिसेंबर-जानेवारीत जा. पावसाळ्यात काठाने अजिबात नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. येत्या थंडीत कुणी निघणार असेल तर मी सोबत येईन.