दहापैकी सात हरलो. यंदा मरिनर्सवर जीव लावायचा की नाही?

पावसातली_प्रेक्षक · ७ एप्रिल २०२५

काल सॅन फ्रान्सिस्कोत तिसरा सामनाही गेला, आणि मी रेडिओ बंद करून भांडी घासायला घेतली. दहा सामने झाले, तीन जिंकले, सात हरले. आमच्या घरात मरिनर्स, म्हणजे सिएटलचा बेसबॉल संघ, बघणारी मी एकटीच. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "अजून सुरू आहे का तो खेळ?" म्हणून इथे लिहितेय.

आधी माझी कुंडली सांगते, म्हणजे दुखणं कळेल. मी सिएटलला आले २००१च्या वसंतात. बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. कोणीतरी तिकीट दिलं म्हणून गेले, तर उजव्या मैदानात ५१ नंबरचा एक सडपातळ माणूस उभा. इचिरो. बॅटला चेंडू लागतोय न लागतोय तोच हा पहिल्या बेसकडे निघालेला! आपल्याकडे चोरटी धाव काढतात ना, तशी तो दिवसातून दोनदा काढायचा. त्या वर्षी त्याने २४२ हिट्स (बेस गाठून देणारे फटके) मारल्या आणि संघाने ११६ सामने जिंकले. मला वाटलं, हा संघ दर वर्षी असाच खेळत असणार. पुढचे २० हंगाम प्लेऑफचं तोंड दिसलं नाही.

२०२२च्या ३० सप्टेंबरला आपला कॅचर कॅल रॅलीने नवव्या म्हणजे शेवटच्या डावात, दोन बाद असताना होमरन (आपला षटकारच म्हणा) मारला आणि तो वनवास संपला. मी तेव्हा गाडीत होते. घर आलं तरी उतरले नाही, अंधारात स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

आणि त्यानंतर? २०२३ला ८८ विजय, प्लेऑफ एका सामन्याने हुकली. २०२४ला ८५ विजय, पुन्हा एका सामन्याने हुकली. गेल्या १८ जूनला आपण गटात दहा सामन्यांनी पुढे होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. महिन्याभरात सगळी आघाडी गेली. पिचिंग (गोलंदाजीच म्हणा) म्हणजे शंभर नंबरी सोनं आणि बॅटिंगची सरासरी ०.२२४, म्हणजे शंभरात बावीसच हिट्स. अशा बॅटिंगला पुढे काय मिळायचं?

हिवाळाभर मी वाट बघितली की कोणीतरी मोठा बॅटर येईल. आले कोण, तर आपलाच गेल्या वर्षीचा पोलांको परत, आणि जोडीला सोलानो, टेलेझ. आता आपला पिचर कर्बी खांदा धरून बसलाय. काल रोब्लेसने फाउलचा झेल घ्यायला धावत जाऊन स्वतःला जाळीत झोकून दिलं. झेल घेतला, पण खांदा निखळला. वर सामना हरलोच. गेल्या वर्षी अर्ध्यात येऊन ०.३२८ने खेळलेला माणूस तो. एक चांगलं बघायला मिळत होतं, तेही गेलं.

तर प्रश्न असा. ऑफिसातली एक मैत्रीण हंगामाच्या तिकिटांचं पॅकेज अर्धं-अर्धं घेऊ म्हणतेय आणि तिला शुक्रवारपर्यंत सांगायचंय. हे एप्रिलचं दुखणं आहे की जुनंच? खरं सांगा, समजूत काढू नका.

---

तिसरा_बेस · ७ एप्रिल

ताई, समजूत काढत नाही, हिशोब मांडतो. १६२ सामन्यांपैकी १० झालेत. ५० षटकांच्या सामन्यात तिसरं षटक नुकतंच संपलंय म्हणा. तिसऱ्या षटकात दोन गडी बाद झाले तर वाईट वाटतं, पण म्हणून कोणी टीव्ही विकायला काढत नाही.

एप्रिल आपल्याला किती फसवतो, त्यासाठी दुसऱ्यांचे दाखले नकोत, आपलेच पुरेत. २०१९ला पहिल्या १५ पैकी १३ जिंकले होते. मी तेव्हा दोस्तांना पार्टी दिली होती. हंगाम संपला ६८-९४वर, गटात तळाला. उलट २०२२ला जूनमध्ये आपण २९-३९ होतो, त्यानंतरचे ९४ पैकी ६१ जिंकले आणि शेवटी तुम्ही गाडीत रडलात.

हरलो कसे तेही बघा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीनपैकी दोन सामने एकेका धावेने गेले. १०-९ गेलेला तर ११ डाव चालला. ज्या संघाची बॅटिंग 'मेली' म्हणतो आपण, त्याने त्या दिवशी ९ धावा केल्या होत्या. म्हणजे मेली नाही, लहरी आहे. (लहरी जास्त त्रास देते, मान्य.)

आणखी एक. आपल्या मैदानात एप्रिलमध्ये हवा थंड आणि दमट असते. इतर ठिकाणी जो चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला असता तो इथे भिंतीपाशी फील्डरच्या ग्लोव्हजमध्ये उतरतो. सरासरी ०.२२४ दिसते त्यात मैदानाचा हात आहे. सगळा नाही, पण आहे. आणि आपला बॅटर हुलिओ दर वर्षी एप्रिलमध्ये हरवलेला असतो. २०२३लाही होता. त्याच ऑगस्टमध्ये त्याने सलग चार सामन्यांत १७ हिट्स मारल्या, चार सामन्यांतला विक्रम आहे तो. त्याचं इंजिन तापायला वेळ लागतो.

मला काळजी वेगळीच आहे: कर्बी. गेल्या हंगामात १९१ डाव टाकून त्याने फक्त २३ वॉक (चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकटात दिलेला पहिला बेस) दिले. असा माणूस बदलीत मिळत नाही. त्याच्या जागी आता आलटून-पालटून माणसं आणतायत. त्यातल्या एकाचं नावही लुईस कास्तियोच, त्यामुळे माझ्या बाबांना वाटलं की आपला कास्तियो एकाआड एक दिवस टाकतोय. पाच जणांच्या रोटेशनवर, म्हणजे आळीपाळीने सामना सुरू करणाऱ्या पिचरांवर, उभा असलेला संघ आहे हा. एक खांब काढला की बाकीच्यांवर भार येतो, बुलपेन (मागून येणारे राखीव पिचर) लवकर उघडावं लागतं, आणि ते थकलेले हात ऑगस्टमध्ये दिसतात. बॅटिंगचं मी मे संपेपर्यंत काही बोलणार नाही. खांद्याच्या बातम्या मात्र रोज वाचतो.

पॅकेज घ्या.

---

ह्यूस्टनकर · ७ एप्रिल

शत्रुपक्षातून नमस्कार. आज रात्रीपासून आमचे अॅस्ट्रोज तुमच्याकडे आहेत म्हणून डोकावलो, तर इथे सुतकच पडलेलं.

काकू, २०२२च्या त्या प्लेऑफचा विषय काढणार नव्हतो, पण तुम्ही ३० सप्टेंबरवरच थांबलात म्हणून काढतो. तुमच्याच मैदानात १७ डाव शून्य-शून्य, मग अठराव्यात आमच्या पेन्याचा होमरन, १-०. मी इकडे सोफ्यावर बसून सहा तासांत दोनदा जेवलो. बायको म्हणाली, यापेक्षा कसोटी बरी, तिथे निदान चहाची सुट्टी असते.

चिडवून झालं, आता खरं बोलतो. २०१७पासून आठ हंगामांत सात वेळा गट आम्ही जिंकला. त्यातली बरीच वर्षं मी एप्रिलमध्ये क्रमवारी बघायचोही नाही. यंदा रोज बघतो. टकर गेला शिकागोला, ब्रेगमन बॉस्टनला. ती माणसं नसलेला डगआउट बघवत नाही. तुम्हाला तुमचा संघ जुनाच दिसतोय म्हणून वाईट वाटतंय, आम्हाला आमचा ओळखू येत नाही म्हणून. या गटात ९० विजयांत काम होईल असं माझं मत आहे. दहापैकी सात हरलेल्या संघाला ९० काही लांब नाहीत. हे मी बोललो असं कुठे सांगू नका.

---

नवखा_प्रेक्षक · ८ एप्रिल

मी मागच्याच वर्षी बघायला लागलोय, म्हणून बाळबोध प्रश्न. एका सामन्याने हुकलं म्हणजे कशाच्या मागे एका सामन्याने? गटात पहिलं नाही आलं तर संपलं ना?

---

पावसातली_प्रेक्षक · ८ एप्रिल

नाही रे, संपत नाही, म्हणून तर छळ आहे. आपल्या अमेरिकन लीगमध्ये १५ संघ, पाच-पाचांचे तीन गट. तीन गटविजेते जातात, आणि उरलेल्यांतले सगळ्यात चांगले तीन 'वाइल्ड कार्ड' म्हणून. २०२२पासून असे सहा. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत आशा जिवंत राहते. आपला संघ त्या सहाव्या जागेच्या दारात दोन वर्षं चप्पल काढून उभा राहिला आणि आत कोणी घेतलं नाही.

@तिसरा_बेस, हिशोब पटला. पण आपल्या साहेबांचा हिशोबही आठवतोय मला. संघाचा कारभार बघणारे दिपोतो २०२३ संपल्यावर म्हणाले होते की दहा वर्षांच्या काळात ५४ टक्के सामने जिंकत राहिलं तर वर्ल्ड सिरीज गाठता येते. १६२चे ५४ टक्के काढा बरं. साडेसत्याऐंशी. त्या वर्षी आपण ८८ जिंकून घरी बसलो होतो! काठावर पास व्हायचं ठरवूनच परीक्षेला बसणाऱ्या पोराला काय म्हणायचं?

@ह्यूस्टनकर, दोनदा जेवलात ना, मग पचवा आता.

---

जुना_किंगडोमवाला · ८ एप्रिल

मी इथे १९९०पासून आहे. त्या काँक्रीटच्या डब्यात, म्हणजे आपल्या जुन्या किंगडोम स्टेडियममध्ये, पहिल्यांदा सामना बघितला तेव्हा आजूबाजूला इतक्या खुर्च्या रिकाम्या होत्या की पाय पसरून बसलो होतो. तेव्हा तुम्हा मंडळींचं ते 'मरिनर्स म्हणजे नशिबाचे भोग' वगैरे माझ्यापुढे नको.

तिसऱ्या बेसवाल्याचे आकडे बरोबर आहेत, पण त्यातून तो जो गोडवा काढतोय तो मला मान्य नाही. हे दुखणं एप्रिलचं नाही, पाकिटाचं आहे. पाच उत्तम पिचर हाताशी, बहुतेक तरुण, आणि त्याच वेळी बॅटिंगवर हात आखडता. असे पाच हात एका संघाला पुन्हा कधी मिळणार? रॅलीला मार्चमध्ये सहा वर्षांचा, १०५ मिलियन डॉलरचा करार दिला, त्याबद्दल शंभर गुण. कॅचर असून गेल्या वर्षी ३४ होमरन मारणारा माणूस हातचा जाऊ दिला असता तर मी मैदानाबाहेर उपोषणाला बसलो असतो. पण तो आपल्याकडे होताच. नवीन काय आणलंत?

१९७७पासून आहे हा संघ. वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला आज एकच संघ उरलाय, आणि तो हा. हे मी रागाने सांगतो, लाडाने नाही.

एवढं बोलून, मला यंदा आशा कशाची आहे ते सांगतो. आपला मॅनेजर डॅन विल्सन. १९९५ला होमप्लेटमागे कॅचर म्हणून बसलेला तोच होता. त्या ऑगस्टच्या सुरुवातीला आपण एंजल्सच्या १३ सामने मागे होतो आणि पेपरवाले संघ दुसऱ्या शहरात जाणार म्हणून लिहीत होते. पुढे टायब्रेकरमध्ये रँडी जॉन्सनने त्यांना ९-१ गुंडाळलं, आणि यँकीजविरुद्ध एडगरच्या त्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) ग्रिफी पहिल्या बेसवरून धावत थेट घरी आला. माझा आवाज तेव्हा जो बसला तो अजून पूर्ण परतलेला नाही. गेल्या ऑगस्टमध्ये विल्सनच्या हातात संघ आला तेव्हा उरलेल्या ३४ पैकी २१ जिंकले. सोबत एडगरही बॅटर्सच्या मागे उभा आहे. (ज्याच्या ०.३१२ सरासरीपायी स्टेडियममधले भाजलेले नाकतोडे दर सामन्याला ३१२च पुड्या विकायचे ठरवले होते, तो. मी खाल्लेत. मीठ-मिरची चांगली असते.) या दोघांना १३ सामन्यांच्या पिछाडीचं भय वाटत नाही, तर ३-७चं काय वाटणार.

मुली, पॅकेज घे. पण एप्रिल-मेचे सामने मैत्रिणीच्या गळ्यात मार, तू उन्हाळ्याचे उचल. आणि ९ ऑगस्ट त्यात आहे का ते आधी बघ. त्या दिवशी इचिरोचा ५१ नंबर निवृत्त करणार आहेत. हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला तो, पण एकमताला एक मत कमी पडलं. ते एक न देणारा कोण, हे मला मरण्याआधी कळायला हवं.

---

तिसरा_बेस · ८ एप्रिल

काका, पाकिटाबद्दल वाद नाही. मी फक्त म्हणतो की पाकिटाचा राग दहा सामन्यांवर काढू नये. तो राग नोव्हेंबरात काढायचा असतो.

---

जुना_किंगडोमवाला · ८ एप्रिल

नोव्हेंबरातही काढला होता. शिल्लक आहे.

---

पावसातली_प्रेक्षक · ९ एप्रिल, रात्री

कबुलीजबाब द्यायला आलेय.

अॅस्ट्रोजविरुद्ध आज मागे पडलो होतो. सातवा डाव संपला तेव्हा मी स्वतःशी म्हटलं, चला, मैत्रिणीला 'नको' कळवून टाकू. रेडिओ बंद केला. मेसेज लिहायलाही घेतला: "यंदा राहू दे गं." आणि समोरून तिचाच मेसेज येऊन पडला. नुसती किंकाळी, अक्षरं मोजवत नव्हती. आपल्या आरोसारेनाने आठव्यात ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, एका फटक्यात चार धावा) मारला होता.

धडपडत रेडिओ लावला. नवव्यात बेसेस भरलेल्या, पुन्हा तोच आरोसारेना. माझा श्वास अडकलेला, आणि त्या पठ्ठ्याने काय करावं? बॅट न हलवता वॉक घेतला! चौथा बॉल बाहेर गेला आणि तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत घरी. ७-६. स्वयंपाकघरात मी उडी मारली तर नवरा धावत आला, त्याला वाटलं पाल पडली.

अठराव्या डावाचं उट्टं निघालं असं म्हणणार नाही, @ह्यूस्टनकर, तेवढी मी मूर्ख नाही. पण आज तुम्ही एकदाच जेवला असाल.

तो अर्धवट मेसेज पुसला आणि पॅकेज घेतलं. काका, ९ ऑगस्ट मिळाला. जागा मात्र डाव्या मैदानाकडच्या आहेत, उजवीकडच्या कधीच संपल्या होत्या.